साठलेल्या मेलचा शोध: रावेरच्या मित्रास पत्र

धुळे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोचले. केळी उत्पादक गटाच्या जीमेल खात्यातील पंधरा जीबी जागा भरत आली आहे, तेव्हा जुने मेल कोणते काढून टाकावेत आणि राहिलेल्यांचे फोल्डर कसे पाडावेत, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे की प्रत घेतल्याशिवाय एकही मेल काढू नये आणि फोल्डर तर मुळीच पाडू नयेत. सगळे मेल एकदा आपल्या संगणकावर उतरवून घ्यावेत, त्यांची शब्दसूची करून घ्यावी आणि लागेल तो मेल कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, शोधावा. मग खात्यातली जागा हवी तेवढी मोकळी करता येते.

फोल्डरला माझा विरोध का, ते सांगतो. विमा कंपनीकडून आलेला, कांदेबागेच्या (पावसाळ्याअखेरीस लावलेल्या केळीच्या) नुकसानीविषयीचा, खिरोदा मंडळातल्या शेतकऱ्याचा आणि सोबत सातबारा जोडलेला एक मेल तू कोणत्या फोल्डरात ठेवशील? कुठेही ठेवलास तरी उरलेल्या तीन ठिकाणी तो सापडणार नाही. त्याऐवजी मेलला चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावला तर एकाच मेलवर चार टॅग बसतात आणि मूळ मेल जागचा हलत नाही.

उतरवण्यासाठी एमबीसिंक नावाचा प्रोग्रॅम वापर. तो आयएमएपी या मेल वाचण्याच्या ठरावीक पद्धतीने खात्याशी बोलतो आणि मेल मेलडिर पद्धतीने साठवतो. ही पद्धत डॅनियल बर्नस्टाइन यांनी नव्वदच्या दशकात क्यूमेल या आपल्या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी काढली. प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल होते, त्यामुळे एक फाइल बिघडली तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक लिहिलेले असतात, आणि गूगल टेकआउट या खात्याची प्रत देणाऱ्या सेवेने खाते मागवलेस तर तुझ्या हाती तीच फाइल येते. एमबीसिंकला ‘फक्त नवे मेल खाली ओढ’ एवढेच सांगून ठेव. म्हणजे पुढे खात्यातून काही काढलेस तरी इथली प्रत शाबूत राहील. ‘ऑल मेल’ एवढा एकच फोल्डर उतरवणे पुरे, कारण पाठवलेले मेलही त्यातच असतात. स्पॅम आणि कचरापेटी मात्र त्यात येत नाहीत.

यानंतर तुझ्या मनात येईल की आता ग्रेप या फाइलींत शब्द शोधणाऱ्या आज्ञेने शब्द शोधला की झाले. इंग्रजी मेलपुरते ते चालतेही, पण मराठी मेलच्या फाइलीत मराठी अक्षरे बहुधा दिसतच नाहीत. मजकूर बेस-६४ या सांकेतिक रूपात गुंडाळलेला असतो, विषयाची ओळही तशीच असते, आणि ‘केळी’ शोधणाऱ्या ग्रेपला तिथे निव्वळ इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. म्हणून हे सारे उलगडून सूची करणारा प्रोग्रॅम हवा. मी नॉटमच (notmuch) नावाचा प्रोग्रॅम वापरतो. कार्ल वर्थ यांनी तो २००९ मध्ये सुरू केला आणि त्याच्या पोटात झेपियन हे शोधयंत्र आहे. म्यू नावाचा दुसरा प्रोग्रॅमही त्याच यंत्रावर चालतो आणि चांगला आहे. पण टॅगची सोय मला नॉटमचमध्येच अधिक मनासारखी वाटते. पहिली सूची व्हायला वेळ लागतो, त्यानंतर मात्र फक्त नव्या मेलची भर पडते.

खरी कसरत पुढे आहे आणि ती आपल्या भाषेची आहे. इंग्रजी शब्दांची रूपे झेपियन मुळाशी नेऊन जुळवते. मराठी विभक्तीचे त्याला काहीच कळत नाही. ‘विमा’ शोधलेस तर ‘विम्याचा’ आणि ‘विम्यासाठी’ हे दोन्ही निसटतात. उपाय असा की शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढे तारांकन (*) द्यायचे. ‘विम’ला तारांकन दिलेस की सारी रूपे येतात, पण सोबत ‘विमान’ही येते आणि निर्यातदारांच्या प्रवासाची तिकिटे समोर उभी राहतात. ‘केळ’ला तारांकन दिले की केळी, केळ्यांचा, केळीबाग आणि केळकर आडनावाची सगळी मंडळी एकदम हजर! तेव्हा तारांकनासोबत पाठवणारा किंवा तारखेची मर्यादा द्यावीच. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचा घोळ तर डोळ्यांना दिसतही नाही, कारण त्यातला अर्धा र वेगवेगळ्या कळफलकांवर दोन प्रकारांनी साठवला जातो आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तिथे ‘शेतक’पर्यंतच लिहून तारांकन दे. ‘कांदेबाग’ कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून, आणि निम्मे सभासद इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. ही सगळी रूपे ‘किंवा’ने जोडून एकदाच प्रश्न तयार कर, त्याला कांदेबागेचा टॅग लाव आणि तो प्रश्न हुक नावाच्या छोट्या फाइलीत लिहून ठेव, म्हणजे नवे मेल सूचीत आले की टॅग आपोआप लागत जातील. मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) आणि करपा, सीएमव्ही हे केळीवरचे रोग यांचेही तसेच करता येईल. युनिकोड येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर मात्र या कोणत्याच युक्तीला दाद देत नाही.

जोडपत्रांच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेव. नॉटमच त्यांची नावे सूचीत घेतो, आतला मजकूर घेत नाही. हवे ते मेल शोधून त्यांच्या फाइलींची यादी काढ, रिपमाइमने जोडपत्रे वेगळी कर आणि पीडीएफ टू टेक्स्टने मजकूर मिळव. स्कॅन केलेल्या सातबाऱ्यासाठी चित्रातली अक्षरे वाचणाऱ्या टेसरॅक्टला मराठीची जोड द्यावी लागेल. सभासदांना एवढे जरूर सांग की ‘स्कॅन १’ अशा नावाने कागद पाठवू नका, गाव आणि गट क्रमांक नावातच घाला.

या खटाटोपाचा तुला पहिला उपयोग विम्याच्या वादात होईल. वादळाने बाग आडवी झाली की ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागते आणि पुढे सूचना मिळालीच नाही असे उत्तर येते, हे तूच लिहिले आहेस. गटाच्या पत्त्यावरून गेलेले, त्या आठवड्यातले, ‘वादळ’ने सुरू होणारा शब्द असलेले मेल एका ओळीत मागता येतात. कंपनीची पोच आली असेल तर तिची मूळ फाइल जप. ती फाइल उघडलीस की वरच्या भागात प्रत्येक सर्व्हरने तो मेल कधी स्वीकारला याच्या ओळी असतात, ज्या मेलच्या साध्या छापील प्रतीवर उमटत नाहीत. नॉटमच मेलच्या मजकुराला हात लावत नसल्यामुळे त्या ओळी जशाच्या तशा राहतात.

दोन गोष्टींची काळजी घे. मेलडिरमधील फाइलींच्या नावात अपूर्णविरामाचे चिन्ह येते आणि विंडोजला ते चालत नाही, म्हणून सगळे काम लिनक्सवर कर आणि पेनड्राइव्हवर नेताना आधी सर्व फाइलींची एक टार फाइल, म्हणजे एकच गाठोडे, बांध. दुसरे म्हणजे टॅग मेलमध्ये नसून सूचीत असतात. म्हणून नॉटमचच्या डंप आज्ञेने त्यांची प्रत दर आठवड्याला वेगळी काढ, कारण सूची पुन्हा करता येते, पण हाताने लावलेले टॅग पुन्हा मिळत नाहीत.

सर्व आज्ञा इंग्रजी अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडल्या आहेत. कापणीची घाई संपली की खात्याला टू-स्टेप पडताळणी लावून एमबीसिंकला खात्यात शिरण्यासाठी वेगळा ॲप पासवर्ड तयार कर. तो मला पाठवू नकोस, तुझ्याच संगणकावर घाल. कुठे अडलास तर संध्याकाळी सातनंतर फोन कर. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे,
तुझा मित्र