विमावाल्या भाऊंना, मनापासून

भाऊ, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहीत आहे, पण वाचाल तेव्हा कळेलच कोणासाठी लिहून राहिले ते. काल पॉलिसी आली हातात. 50 लाखांची टर्म, म्हणजे मी गेले तर घरच्यांना पैसे देणारी विमा पॉलिसी, माझ्या नावाची, आणि आतमध्ये दमा आहे असं स्वच्छ लिहिलेलं.

लहानपणापासून दमा आहे मला. दिवाळीचे फटाके आणि मार्चमध्ये कूलरची नवीन खस, हे दोन सीझन सोडले तर मी ठणठणीत असते, नोकरी करते, नागपुरातल्या मानेवाड्याच्या फ्लॅटचं लोन माझ्याही नावावर आहे, पोरगी अजून शाळेत. म्हणून टर्म काढायची होती, बस. पण पंप घेते म्हटलं की समोरच्याचा आवाजच बदलते. एक जण फोनवर इतका गोड बोलून राहिला होता, दमा म्हटल्याबरोबर "मॅडम, कळवतो", तो आजपर्यंत कळवूनच राहिलाय. दुसरा म्हणे दमा लिहूच नका, कोण पाहते, माझ्यावर सोडा. काहून सोडू? मी गेल्यावर क्लेमचे कागद घेऊन माझा नवरा फिरणार, तेव्हा हे साहेब फोन उचलतील का? आणि एकाने तर टर्मचं नाव काढू न देता मनीबॅक, ती मधेमधे पैसे परत देणारी पॉलिसी, तीच गळ्यात मारायला घेतली होती, त्याचा हप्ता ऐकूनच दम लागला मला.

तुम्ही आल्या आल्या हप्ता नाही सांगितला, आधी विचारलं की शेवटचा अटॅक कधी आला, कधी भरती व्हावं लागलं का, स्टिरॉइडच्या गोळ्या लागतात का, रात्री खोकल्याने उठता का, घरात कोणी सिगरेट ओढते का. हे सगळं माझ्या डॉक्टरांशिवाय कोणी विचारलं नव्हतं. दमा दमा सारखा नसतो, कंट्रोलमध्ये असला तर कंपनी घेते, जास्तीत जास्त थोडं लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लावते, हे तुमच्याकडूनच कळलं. आणि लपवायचा तं विषयच नाही म्हणालात, विमा कायद्याचं कलम 45 दाखवलं, तीन वर्षं झाल्यावर कंपनी पॉलिसीवर बोट ठेवू शकत नाही, पण त्याच्या आत लपवलेलं सापडलं की क्लेम गेलाच समजा.

पण भाऊ, मला खरं आठवते ते धंतोलीतल्या लॅबमधलं. मार्चएंड होता, तुमचा फोन सारखा वाजत होता, वरून टार्गेट टार्गेट चाललं होतं ते मला बाजूच्या खुर्चीवर ऐकू येत होतं. पीएफटी होती, ती फुफ्फुसांची जोरात फुंकायची टेस्ट, आणि मला दोन दिवसांपासून सर्दी. मी काही बोलले नाही, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे. माझा नंबर आला, मी उठले आणि खोकला सुरू झाला. तुम्ही फोन कट केला, काउंटरवरच्या पोरीला म्हणालात, "यांची आज नको", आणि मला, "ताई, खोकून राहिल्या तुम्ही, आज फुंकलं तर आकडा खराब येईन, रिजेक्ट झालं तर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते लिहावं लागते. घरी जा, बऱ्या व्हा, मग पाहू." मी म्हटलं, पण तुमचा मार्च? तर म्हणे, "मार्च दरवर्षी येते." आणि बाहेरच्या टपरीवरून गरम पाणी आणून दिलं, तेवढ्यात तुमची गाडी कोणाच्या तरी गेटसमोरून हटवा म्हणून आरडाओरडा चालू, धंतोलीची पार्किंग काय सांगायची.

टेस्ट एप्रिलमध्ये झाली, चांगली आली. लोडिंग लागलंच थोडं, त्यावर मी तक्रार करत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला म्हणून तेही जड नाही वाटलं.

लोक म्हणतात एजंट म्हणजे चिकट जात. मीही म्हणत होते, तो कळवणारा अजून आठवतो ना. पण ज्याचं कमिशन अडकलं आहे तोच माणूस घरी जा म्हणतो तेव्हा काय म्हणायचं? अशी माणसं आपल्या शहरात आहेत, नुसती पोस्टर लावून फिरत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. माझा दीर येणार आहे तुमच्याकडे, रविवारी. त्याला शुगर आहे आणि फॉर्मवर नाही लिहिणार म्हणून अडून बसला आहे. त्याला सोडू नका.