पौषात कर, आत्ता नको

पुणे,
डिसेंबर २०२५

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात राहत नाही. समोर गिऱ्हाईक उभं असलं की तू नुसतं ‘हो हो’ करतोस. म्हणून प्रेसवरच्या तुझ्या कॉम्प्युटरांवर विंडोज ११ टाकण्याबद्दलचं सगळं लिहूनच पाठवतोय. हे पत्र मशीनशेजारी चिकटवून ठेव.

पहिली गोष्ट, घाबरू नकोस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला म्हणजे तुझी मशिनं उद्या बंद पडणार नाहीत. सुरक्षेचे अपडेट थांबले, एवढंच. तेही नावनोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर तो पर्याय दिसेल. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. तेव्हा तुझा तो कॉम्प्युटरवाला ‘आजच टाकून देतो’ म्हणाला तरी त्याला चहा पाजून परत पाठव. ऐन लग्नसराईत, पत्रिकांचे गठ्ठे टेबलावर असताना विंडोज बदलायची नसते. पौष लागला की मुहूर्त संपतात आणि तुझ्याकडे जरा उसंत असते. तेव्हा कर. मधेच निवडणुकीची पत्रकं आली तर ती जुन्या मशीनवर काढ.

आता जुन्या मशीनचंच सांगतो. त्यावर ११ चढणार नाही. प्रोसेसरचं नाव वाच: आय-फाइव्ह ६५००. त्या आकड्यातला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा तिच्या पुढची लागते, सातवीतले एखाद-दुसरे अपवाद सोडले तर. नेटवर पळवाटा सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण तसं चढवलेल्या मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याच्या मशीनवर असले उद्योग करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मशीनची नेटची वायर काढ आणि त्याला पेजमेकरपुरतं, म्हणजे पानं लावायच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरपुरतं, राहू दे.

अपग्रेड करायचं ते दुसरं, दहाव्या पिढीचं आय-थ्री. त्यावर ११ चढेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालव. बहुतेक ते टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, सापडत नाही म्हणून कुरकुरेल. नवीन काही विकत घेऊ नकोस. असेंबल केलेल्या मशिनींत ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, बहुतेकदा बंद असतं; तिथे चालू करायचं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. मात्र बायोसला हात लावण्याआधी डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का बघ. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेव. नाहीतर मशीन सुरू होताना ती मागतं आणि आपण हात चोळत बसतो.

दुसरी अडचण तुझ्या सी, डी, ई, एफ ड्राइव्हची. आपल्याकडे असेंबल करणाऱ्या प्रत्येकाने एका डिस्कचे चार तुकडे करायचे हा जणू धर्मच होता. डिस्कच्या तुकड्यांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोज ११ साठी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. त्याचं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे, पण डिस्कवर लॉजिकल पार्टिशन (एका मोठ्या तुकड्याच्या पोटात पाडलेला तुकडा) असलं तर ते काम करायला नकार देतं. मग सगळं बाहेर काढून ती पार्टिशनं उडवावी लागतात, नाहीतर डिस्कच कोरी करावी लागते. आणि वसंता, डी ड्राइव्हवर कॉपी ठेवली म्हणजे बॅकअप झाला, हे तू डोक्यातून काढ. डी आणि सी एकाच डिस्कवर आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेले. बाहेरच्या दोन हार्डडिस्क घे, एक प्रेसवर ठेव, एक घरी. कॉपी झाल्यावर घरच्या लॅपटॉपवर पाच-सहा जुनी कामं उघडून बघ. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

खरी मेख मात्र तुझ्या फॉन्टात आहे. विंडोज पुन्हा टाकता येते, पण वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल जुन्या फॉन्टांत बसवलेले आहेत. तो फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण दिसते कंस आणि डॉलरच्या चिन्हांची खिचडी. म्हणून फॉन्ट वेगळे काढ. इथे एक गोम आहे. विंडोज फोल्डरातला फॉन्ट्सचा फोल्डर सगळे जण कॉपी करतात, पण विंडोज १० मध्ये २०१८ पासून डबल-क्लिक करून टाकलेला फॉन्ट त्या वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात जातो, आणि तो फोल्डर एरवी लपलेला असतो. दोन्हीकडचे घे. पेजमेकर ७ बाजारात आला २००१ साली, आणि पानं लावायच्या आताच्या इनडिझाइनमध्ये त्याच्या फाइली उघडत नाहीत. तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या कामाची पीडीएफ जुन्या मशीनवरच, फॉन्ट आत घालून, काढून ठेव.

जो मजकूर पुन्हा लागणार, अहवालांचे साचे वगैरे, तेवढाच युनिकोडमध्ये, म्हणजे ठरावीक जुन्या फॉन्टावर न अडणाऱ्या आजच्या पद्धतीत, आण. सगळं बदलत बसू नकोस, जन्म जाईल. कन्व्हर्टरवर आंधळा विश्वासही नको. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमकं उलटं, त्यामुळे तिथेच घोळ होतो. एका स्मरणिकेत ‘आचार्यांचा सत्कार’ कन्व्हर्टरने ‘आचाऱ्यांचा सत्कार’ करून ठेवलेला मी पाहिलाय. स्वयंपाकी खूश झाला असेल, पण छापणाऱ्याला बोलणी बसली. तेव्हा ‘र्या’ आणि ‘ऱ्या’ शोधून डोळ्यांनी तपास.

मराठी टाइप करायच्या लिपीच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ते चालायला मशीनला लावावा लागणारा डोंगल, कोणत्या पोर्टाचं आहे? यूएसबीचं असेल तर कंपनीकडे विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का, हे अपग्रेडच्या आधी विचार. स्कॅनर आणि जुन्या लेझर प्रिंटरचंही तेच. आणि आय-थ्रीवरची आताची विंडोज ३२ बिटची निघाली तर ११ वरच्यावर चढत नाही, सगळं नव्याने टाकावं लागेल. ११ फक्त ६४ बिटची आहे.

प्रत्यक्ष अपग्रेड कंटाळवाणं असतं. सी ड्राइव्हवर चाळीसेक जीबी जागा मोकळी कर, यूपीएसची बॅटरी दम धरते का बघ, आणि मधे वीज जाईल म्हणून भारनियमनाचा दिवस टाळ. मग सुरू करून जेवायला जा.

झाल्यावर १० दिवस जुन्या विंडोजवर परत जायची सोय राहते. तेवढ्या दिवसांत डिस्क क्लीनअप करून ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर उडवू नकोस. त्याच दिवसांत प्रत्येक प्रकारचं एकेक काम शेवटच्या प्रिंटपर्यंत नेऊन बघ. पडद्यावर दिसलं म्हणजे छापलं जातंच असं नाही, हे मी तुला काय सांगायचं.

लॉकचा फोटो आणि डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा फोटो पाठव. पार्टिशनचं मी बघून कळवतो, तोवर त्यांना हात लावू नकोस. वहिनींना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
दिलीप