गुरुपौर्णिमेला कुणाचं नाव घेशील?

शहादा, जि. नंदुरबार

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

गुरुपौर्णिमेला तुमच्या क्लबात प्रत्येकाने आपल्या आवडत्या धनुर्धराबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे, तर मी कुणावर बोलू, असं तू परवा विचारलंस. तू स्वतःच हॉवर्ड हिलचं नाव घेतलंस, त्याचा फोटो तुझ्या टेबलावर आहे हेही मला माहीत आहे. फोनवर मी हो-हो म्हटलं, पण मनात बरंच काही होतं. पेरणी उरकली आहे, कपाशी वर आली आहे, निवांत आहे. म्हणून लिहायला बसलो.

हिलवर जरूर बोल. 1899 मध्ये अलाबामात जन्मलेला हा माणूस साध्या लाँगबोवर, म्हणजे लांब सरळ धनुष्यावर, काय काय करू शकत होता, हे तू मला व्हिडिओ दाखवून दाखवून पाठ करून दिलं आहेस. 1938 च्या रॉबिन हुड चित्रपटातले अवघड तीर त्यानेच मारलेले. धनुष्यासाठी त्याची पसंती बांबूला होती, आणि बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेले लाँगबो त्याच्या नावाने ओळखले जातात, हे तू सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपल्या सातपुड्यातला पावरा आणि भिल्ल बांबूशिवाय दुसऱ्या कशाचा कामठा, म्हणजे धनुष्य, करतच नाही. मात्र शंभर पौंडांच्या वर ताणाचं धनुष्य ओढून त्याने आफ्रिकेत हत्ती मारला, त्याचं कौतुक माझ्याच्याने होत नाही. ताकद आणि धाडस दोन्ही अफाट, मान्य. पण हत्तीने त्याचं काय केलं होतं?

फ्रेड बेअरचं नावही तुमच्यात रोज निघत असेल. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत काम करणारा माणूस, 1933 मध्ये त्याने धनुष्यांचा धंदा सुरू केला आणि सामान्य माणसाला परवडेल असं चांगलं धनुष्य घरोघर पोचवलं. पण बेअरला हे वेड लागलं कुठून? आर्थर यंग नावाच्या धनुर्धराचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट त्याने डेट्रॉइटला पाहिला, पुढे यंगची ओळख झाली आणि धनुष्य कसं करायचं ते तो त्याच्याकडूनच शिकला. यंग सॅक्स्टन पोपचा सोबती. 1961 मध्ये अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांनी संस्था काढली, तिला नाव दिलं ते या दोघांचं. पोप सॅन फ्रान्सिस्कोत सर्जन होता, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचा. त्याच्या हातात धनुष्य दिलं इशी नावाच्या कॅलिफोर्नियातल्या आदिवासीने. पोप आणि यंग यांना इंग्लिश लाँगबोची गोडी लावणारा विल कॉम्प्टन म्हणून एक जण होता, तोही लहानपणी सू नावाच्या तिकडच्या आदिवासी लोकांत राहून धनुष्य शिकलेला.

बघ, तुमच्या भिंतीवरच्या फोटोंतला एकेक धागा मागे ओढत गेलं की शेवटी कुणा आदिवासीच्या हाताशी जाऊन थांबतो. त्या हाताचा फोटो मात्र क्वचितच कुणी लावतो. म्हणून माझं म्हणणं असं की दहातली आठ मिनिटं तू इशीला दे.

त्याची हकीकत थोडक्यात सांगून भागणार नाही, नीट सांग. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला, डोंगराळ ओढ्यांच्या काठी याही नावाची छोटी जमात होती. 1848-49 च्या सुमारास तिथे सोनं सापडलं आणि बाहेरून लोंढे आले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत याहींना अक्षरशः टिपून टिपून मारलं. जे थोडे वाचले ते दऱ्यांत लपून राहिले. किती वर्षं? जवळजवळ चाळीस. धूर दिसू नये म्हणून चूल लहान, पाऊल उमटू नये म्हणून दगडावरून चालायचं. 1908 मध्ये जमीन मोजणारे लोक त्यांच्या मुक्कामापर्यंत पोचले आणि पांघरुणं, भांडी, हत्यारं, जे दिसलं ते आठवण म्हणून उचलून घेऊन गेले. ते वाचताना मला पुढे जाववलं नाही, पुस्तक मिटून ठेवलं. इशीची म्हातारी आई त्यानंतर लवकरच गेली. ऑगस्ट 1911 मध्ये ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याच्या आवारात तो सापडला तेव्हा त्याच्या माणसांतलं कुणीही उरलेलं नव्हतं. वय पन्नाशीच्या आसपास. शेरिफने त्याला तुरुंगात ठेवलं, तिथून मानववंशशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये आणलं. तिथेच तो राहिला, झाडलोटीचं काम केलं, पगार घेतला. स्वतःचं नाव त्याने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आपलं नाव आपण सांगायचं नाही, ही त्याच्या लोकांची रीत. इशी हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव.

म्युझियमच्या शेजारीच पोपचं हॉस्पिटल. डॉक्टर म्हणून आला आणि शिष्य झाला. इशी काय काय करतो ते त्याने बारकाईने टिपून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं. जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर स्नायूंचे तंतू चिकटवलेलं, जेमतेम साडेतीन फुटांचं धनुष्य. ताण चाळीस-पंचेचाळीस पौंड, म्हणजे तुझ्या टोकं वळलेल्या रिकर्व्ह धनुष्यापेक्षा फार जास्त नाही. तीर हेझलच्या सरळ फोकांचे, निखाऱ्यावर शेकून हाताने सरळ केलेले. टोकं ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, आणि शहरात आल्यावर बाटल्यांच्या काचेचीसुद्धा. काम नसेल तेव्हा धनुष्य आडवं निजवायचं, उभं ठेवलं तर ते काम करत राहतं आणि थकतं, असं तो म्हणायचा. लाकडी धनुष्य वापरणाऱ्याला यातलं शहाणपण सांगावं लागत नाही.

बाईने धनुष्याला हात लावला तर ते बिघडतं, अशीही त्याची समजूत होती. हे वगळू नकोस. तू हातात धनुष्य घेऊन हे सांगशील आणि तरी त्याला गुरू म्हणशील, त्यात मला काही विसंगत वाटत नाही. गुरूचं सगळं घ्यावंच लागतं असं कुठे आहे?

गंमत म्हणजे तुमच्यासारखी टार्गेट लावून लांबून गुण मोजायची पद्धत इशीला कधी जमली नाही, पोपनेच तसं लिहून ठेवलं आहे. त्याची विद्या होती जवळ जाण्याची. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही, सकाळी अंघोळ, उपाशीपोटी निघायचं. अंगाचा वास, वाऱ्याची दिशा, पाय टाकायची जागा, सगळं आधी. मग झुडपाआड बसून ओठांना बोटं लावून सशाच्या पिल्लाच्या ओरडण्यासारखा आवाज काढायचा, की ससे आपणहून जवळ यायचे. तीर सुटायचा तो अगदी शेवटी, थोड्याशाच अंतरावरून. पारंपरिक धनुर्धर म्हणवणाऱ्याने कशाचा आदर करायचा तर याचा, असं माझं ठाम मत आहे. दुरून चमत्कार दाखवणं वेगळं, आणि जनावराच्या इतकं जवळ जाता येईल एवढं स्वतःला आवरणं वेगळं.

1914 मध्ये पोप आणि बाकीचे त्याला घेऊन त्याच्या जुन्या रानात गेले. त्याने प्रत्येक ओढा, प्रत्येक गुहा दाखवली. 25 मार्च 1916 ला तो क्षयाने गेला. त्याच्या देहाची चिरफाड करू नये असं त्याच्या एका जवळच्या शास्त्रज्ञाने कळवलं होतं, तरी ती झालीच, आणि मेंदू काढून दूरच्या म्युझियमला पाठवला गेला. तो परत यायला 2000 साल उजाडलं. पोपने त्याच्याकडून विद्या घेतली, प्रेमाने घेतली, त्याचं श्रेय उघडपणे दिलं. पण सगळ्यांनी मिळून त्याला काय दिलं, हा प्रश्न तू सभेत विचार.

आता अंगठ्याचं सांगतो, कारण हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. इशी दोरी अंगठ्याने ओढायचा. आणि आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वात निषादाच्या पोराचा, एकलव्याचा अंगठाच मागून घेतला. त्यानंतर तो उरलेल्या बोटांनी तीर सोडायचा, पण हाताची ती चपळाई गेली, असं तिथेच लिहिलं आहे. आपल्या भागातले भिल्ल तीर ओढताना अंगठा लावत नाहीत, एकलव्याचं स्मरण म्हणून, असं सांगतात. धडगावकडे मी स्वतः पाहिलं ते तर्जनी आणि मधल्या बोटानेच ओढतात. तू म्हणशील, आप्पा, आम्हीही अंगठा लावत नाही, हिल आणि बेअरसुद्धा तीन बोटांनीच ओढायचे. खरं आहे. अंगठा न लावणं ही जगात अनेक ठिकाणची रीत आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण एका समाजाने आपल्यावर झालेला अन्याय रोजच्या कामाच्या हालचालीत जपून ठेवला असं तो समाज स्वतः मानतो, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

मी आश्रमशाळेत नोकरीला होतो तेव्हा शाळेच्या वरच्या पाड्यावर एक पावरा बाबा कामठे करायचे. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. थंडीत तोडलेला बांबू, पावसाळ्यातला नाही, त्याला कीड लागते. कोयत्याने उभा चिरायचा आणि मग मांडीवर आडवा धरून त्याच कोयत्याच्या धारेने तासत बसायचं. मोजपट्टी नाही, पेन्सिल नाही. मध्येच थांबून दोन्ही टोकांवर जोर देऊन वाकवायचे, कुठली बाजू जास्त वाकते ते बघायचे, पुन्हा दोन-चार साली काढायचे. दोरीसुद्धा बांबूचीच, चिवट सालीची बारीक पट्टी. तीराला बरू. तो निखाऱ्यावर फिरवत फिरवत शेकायचा, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत नजर टाकायची आणि जिथे वाक असेल तिथे दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी दाबायचं. म्हणजे ओढताना नसलेला अंगठा तीर घडवताना असतो. लोखंडी फाळ लोहाराकडून. पाखरासाठी मात्र बोथट टोकाचा तीर. इशीबद्दल वाचताना निखाऱ्याचा तो भाग आला आणि मला थेट ते अंगण दिसलं. दोन माणसं, मधे अर्धी पृथ्वी, हाताची चाल तीच.

आता तिकडे शिकार नाही आणि नसावीच. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती बंद केली आहे, आणि सातपुड्यात आता मारण्याजोगं उरलंय तरी काय? पण कामठा आहे. होळीला डोंगरातल्या वाटांनी माणसं उतरतात तेव्हा खांद्याला तो असतो. शोभेचा म्हणतात काही लोक, मला तसं वाटत नाही.

खान्देशात या कामठ्याचा इंग्रजांनाही धाक होता, हे तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना माहीत नसेल. 1825 मध्ये धरणगावला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली ती उगाच नाही. लढून हे लोक हटत नाहीत म्हटल्यावर त्यांच्यातल्याच तरुणांना गणवेश आणि बंदूक दिली. तरी 1857 च्या उठावात खाज्या नाईक हा भिल्ल पुढारी उठलाच, आणि 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीला भिल्लांनी झुंज दिली. निमाड-खान्देशच्या सीमेवर फिरणाऱ्या तंट्या भिल्लाला इंग्रजांच्या काळातच रॉबिन हुडची उपमा मिळाली होती. त्याला 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिलं. हिलने पडद्यावरच्या रॉबिन हुडसाठी तीर मारले त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधीची ही गोष्ट. हे दोन मिनिटांत बसव, जास्त नको. तारखांनी सभा झोपते.

लिंबारामला मात्र विसरू नकोस. उदयपूरकडच्या डोंगरातला आदिवासी मुलगा, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला. पुढे आधुनिक धनुष्य हातात आलं आणि 1992 मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत तीस मीटरवर 360 पैकी 358 गुण घेऊन त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. तीन ऑलिंपिक खेळला. 1991 मध्ये अर्जुन पुरस्कार, 2012 मध्ये पद्मश्री. त्याला लहानपणी बांबू वाकवायला कुणी शिकवलं असेल? ते नाव कुठे छापलेलं मी पाहिलं नाही. पाड्यावरच्या बाबांचं तरी कुठे छापलंय?

म्हणून एक सुचवतो. दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघं धडगावकडे जाऊ. ते बाबा आता नाहीत, पण त्यांचा पुतण्या कामठे करतो, त्याला मी निरोप पाठवला आहे. तुझा रिकर्व्ह बरोबर आण, त्याला बघायचा आहे. त्याच्याकडून शिकायचं असेल तर नीट विचारून शिकायचं, फोटो काढायचा तर आधी परवानगी. मजुरी तो सांगेल ती द्यायची, तिथे घासाघीस मला चालणार नाही. आणि तुमच्या क्लबाला त्याचे कामठे हवे असतील तर ऑर्डर थेट त्याच्या नावाने जाऊ दे, मधला माणूस नको. पुढच्या वर्षी गुरुपौर्णिमेला त्यालाच पुण्याला बोलवा, येण्या-जाण्याचं भाडं आणि मानधन धरून. तुमच्या सरांशी हे बोलून ठेव आणि मला कळव, म्हणजे मी त्याला तसं सांगतो.

आईने कळण्याचं पीठ करून ठेवलं आहे, कुणी पुण्याला येणारं असलं की पाठवते. खांदा दुखतो म्हणालीस, आठ दिवस जास्त ताणाचं धनुष्य ओढू नकोस.

तुझे,
आप्पा