हेराल्डच्या चाकाचं सामान पाठवणाऱ्या इंग्लंडच्या काकांना

काका,

हे मराठीत लिहितोय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितीये मला. तुम्हाला इंग्रजीत वेगळी मेल केलीच आहे, पण ती फार गुळगुळीत झाली, थँक यू व्हेरी मच, बेस्ट रिगार्ड्स वगैरे, पोटातलं त्यात काहीच उतरलं नाही. शिवाय आपल्याकडं जुन्या गाड्या बाळगणारे आणि बाहेरून सामान मागवताना हात पोळलेले भरपूर लोक आहेत, त्यांनाही कळू दे की जगात अशीपण माणसं धंदा करतायत. तुमचं नाव आणि दुकानाचं नाव टाकत नाही, तुम्हीच फोनवर म्हणालात की आधीच ऑर्डरी झेपत नाहीत. 

गाडी पप्पांची. स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री, चार दरवाजांची, क्रीम कलर. तुमच्याकडची ट्रायम्फ हेराल्ड १९५९ ला आली आणि १९६१ पासून आपल्याकडं मद्रासला तीच स्टँडर्ड हेराल्ड नावानं बनायला लागली. डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं, त्यामुळं आजपण रस्त्यावर निघाली की लोक वळून बघतात. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढं उघडतं, मग गल्लीतली सगळी पोरं गोळा. आणि वळते कुठं, तर २५ फुटांत, आमच्या कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर रिक्षावाल्यानं लाजावं अशी. पप्पांनी या गाडीतनं जोतिबा, पन्हाळा, राधानगरी सगळं केलंय आणि अजून रोज सकाळी ते तिच्यावरनं फडकं फिरवतात, चालू असो नसो.

तर ती एक दिवस आमच्याच गेटमध्ये बसली. पप्पा पूर्ण स्टेअरिंग कापून आत घेत होते आणि पुढचं डावं चाक मडगार्डखाली आडवं झालं. स्पीड काहीच नव्हता म्हणून निभावलं. हेच हायवेला झालं असतं तर, हा विचार आई अजून मोठ्यानं बोलून दाखवते. मिस्त्रीमामांनी जॅक लावून बघितलं आणि व्हर्टिकल लिंक, म्हणजे चाक धरून ठेवणारा उभा दांडा, खालच्या टोकाला तुटलेली दाखवली, जिथं ती ट्रनियन नावाच्या ठोकळ्यात आट्यांवर फिरते तिथं, आतनं पार गंजलेली.

ज्यांना हेराल्ड माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की या गाडीचं पुढचं चाक वळतं ते खाली एका पितळी ट्रनियनमध्ये, आट्यांवर. त्या आट्यांना तेल लागतं, गिअर ऑइल, ईपी ९०. पण गंमत अशी की तिथं ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, बसवता येतो, आणि निपल दिसला की आपल्याकडं कुठलाही माणूस ग्रीस मारणारच, त्यात त्याचा काय दोष. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, सुकून घट्ट होतं, पाणी आत शिरतं आणि मग वर्षानुवर्षं गंज खात बसतो, बाहेरनं सगळं चकाचक. आमच्या गाडीच्या आधीच्या सगळ्या सर्व्हिसिंगमध्ये किती किलो ग्रीस गेलं असेल देव जाणे.

मग सामानाची शोधाशोध. आधी आपल्याच देशातला एक जण भेटला, फोनवर गोड, म्हणे ओरिजिनल मद्रास स्टॉक, पॅक पीस. आला तो पीस म्हणजे कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा, गंज ग्राइंडरनं घासून वर काळा रंग मारलेला, रंग अजून बोटाला लागत होता. फोन केला तर ‘जुन्या गाडीचं असंच असतंय साहेब’. बरं.

नंतर म्हटलं थेट परदेशातनंच मागवू, इंग्रज लोक शिस्तीचे. एक विक्रेता सापडला, वेबसाइट एकदम झकास, फोटो झकास. त्यानं सामान देशाबाहेर जात असूनही त्यांच्याकडचा २० टक्के व्हॅट लावूनच पैसे घेतले, आणि खोक्यात निघाले दोन्ही पीस एकाच बाजूचे. हेराल्डमध्ये एका बाजूचे आटे सुलटे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे असतात, म्हणजे त्यातला एक पीस आमच्यासाठी पेपरवेट. वर त्या पठ्ठ्यानं मला न विचारता खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहून किंमत नखाएवढी टाकलेली. त्याला वाटलं असेल उपकार करतोय, पण आपल्याकडं २०१९ च्या डिसेंबरपासून ती गिफ्टची सवलत राखी आणि जीव वाचवायच्या औषधांपुरतीच उरलीये, त्यामुळं खोकं मुंबईत अडकलं आणि मी कागद पाठवत बसलो. सामान चुकीचं आलंय म्हणून मेल केली तर उत्तर काय, परत पाठवा, खर्च तुमचा. लोखंड आहे ते काका, परत पाठवायचं भाडं सामानापेक्षा जास्त. पुढच्या मेलला उत्तरच नाही.

मध्ये एकदा आमच्या उद्यमनगरात पण जाऊन आलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय बनत नाही असं विचारावं. तिथले एक टर्नर, वयस्कर, तुटलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत बसले आणि म्हणाले, ट्रनियन मी देतो बनवून, आटे उलटे पाहिजेत तर उलटे पाडतो, पण ही वरची लिंक फोर्जिंगची आहे, ही मी बारमधनं कापून देणार नाही, चाकाचा विषय आहे, घरची माणसं बसतात गाडीत. समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं त्यांनी. चहाचे पैसेपण देऊ दिले नाहीत. त्यांचेही आभार इथंच मानून घेतो, कारण तुमच्यासारखीच जात आहे ती, काम माहीत असलेल्या माणसांची.

तर अशा सगळ्या वैतागात तुम्हाला मेल टाकली होती, काका. खरं सांगायचं तर मेलचा सूर काही चांगला नव्हता. मी यादीच पाठवली होती, लिंक, ट्रनियन, बुश, दरवाज्यांची रबरं, क्रोमच्या पट्ट्या, आणि खाली लिहिलं होतं की दोन्ही बाजूंचे वेगवेगळे पाठवणार असाल तरच किंमत सांगा. दुसऱ्या कुणी असतं तर एवढी मोठी ऑर्डर बघून आधी बिल पाठवलं असतं. तुम्ही लिहिलंत, पैसे आत्ता पाठवू नका, आधी फोटो पाठवा.

फोटो पाठवले तर तुमचं उत्तर असं आलं की मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. चार दरवाजांची हेराल्ड तुम्ही आयुष्यात बघितली नव्हती! बरोबरच आहे, ती तुमच्याकडं निघालीच नाही कधी, फक्त आपल्याकडं निघाली. एवढी वर्षं हेराल्डचं सामान विकणारा माणूस लहान पोरासारखा विचारत होता की मागचा दरवाजा कसा उघडतो, बिजागरी कुठं आहे, आतनं फोटो पाठव. पप्पांची छाती काय फुगली म्हणता. दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन, चाक नसलेली बाजू भिंतीकडं करून, त्यांनी परत सगळे फोटो काढायला लावले मला.

आणि मग तुम्ही माझी निम्मी ऑर्डर स्वतःच कापलीत. दरवाज्याची रबरं माझ्याकडनं घेऊ नका, माझी दोन दरवाजांच्या गाडीची आहेत, तुमच्या मागच्या दरवाज्याला बसणार नाहीत, तिकडंच मीटरवर घ्या. क्रोमच्या पट्ट्यांचं तेच. बुश कुठले इथनं घ्यायचे आणि कुठले तिकडं बघायचे तेही लिहिलंत. उरलं काय, तर पुढच्या सस्पेन्शनचं सामान, आणि ते तुमच्याकडं अजून मिळतं कारण तसलंच सस्पेन्शन ट्रायम्फच्याच स्पिटफायर गाडीला होतं आणि ती १९८० पर्यंत निघत होती. बिलात व्हॅट मी न मागता वजा केलेला, किंमत खरी तीच लिहिलेली. ड्यूटी भरली मी, तेव्हा जीएसटी २८ टक्के होता, सगळं मिळून माल आणि भाड्यावर जवळपास निम्मी रक्कम आणखी गेली, आता तो १८ वर आलाय म्हणून बाकीच्यांनी खूश व्हावं. पण खोकं कुठं अडकलं नाही, आणि खऱ्या कागदावर खरे पैसे भरताना काही वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. हे पत्र तुमच्या एका प्रश्नासाठी आहे. पॅकिंगच्या आधी तुम्ही फोन केला होतात, आणि मला वाटलं आता भाडं वाढलं म्हणून सांगणार. तुम्ही विचारलंत, बसवणार कोण आहे? मी म्हटलं आमचे मिस्त्री आहेत, आयुष्य गाड्यांखाली गेलंय, पण फियाट आणि अॅम्बेसिडरवर, हेराल्ड फक्त आमचीच. मग विचारलंत, त्यांना इंग्रजी वाचता येतं का? मी म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, बघतो मी.

मी विसरूनपण गेलो होतो ते. खोकं आलं तेव्हा मामांच्या गॅरेजमध्येच उघडलं. आत दोन्ही लिंकवर त्यांचे त्यांचे ट्रनियन हातानं फिरवून बसवलेले, तेल लावलेलं, कागदात गुंडाळलेले, आणि एकाला लाल चिकटपट्टी, एकाला हिरवी. बरोबर एक कागद, त्यावर पेनानं गाडी काढलेली, वरनं दिसते तशी, चार दरवाजे दाखवून! (तुमच्या त्या चार दरवाजांसाठी पप्पांनी कागदाला हात जोडले.) एका चाकाजवळ लाल ठिपका, दुसऱ्याजवळ हिरवा. खाली तीन छोटी चित्रं: ट्रनियन पूर्ण आवळायचा, मग थोडा मागं सोडायचा, चाक दोन्हीकडं पूर्ण वळतंय का बघायचं. आणि शेवटी ग्रीस गनचं चित्र, त्यावर मोठी फुली, शेजारी तेलाची बुधली आणि बरोबरची खूण. एक अक्षर नाही अख्ख्या कागदावर.

मामांनी तो कागद घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि मला म्हणाले, ‘हा माणूस गाडीखाली झोपलेला आहे.’ त्यांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठी पदवी मी ऐकलेली नाही. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी, म्हणजे कंपनीवाल्यानं नाही, पार्टवाल्यानं नाही, माझ्यासारख्या गाडीमालकानं तर नाहीच, असं विचारात घेतलं नव्हतं. सगळे सामान विकतात ते मालकाला. ते बसवणारा एक माणूस असतो, त्याचे हात काळे असतात, त्याच्यावर शेवटी चाक टिकणार असतं, हे सात-साडेसात हजार किलोमीटरवरनं तुम्हाला दिसलं आणि इथं गल्लीत बसून पीस विकणाऱ्याला दिसलं नाही. त्या झकास वेबसाइटवाल्याकडं तर पट्टी पण असेल, पेन पण असेल, लाल आणि हिरवी दोन्ही, किती पैसे लागतात हो त्याला.

मला राग येतो तो याचाच. चांगुलपणा महाग असता तर समजून घेतलं असतं. पण लोकांना त्या पाच मिनिटांचंच ओझं होतं, समोरच्याचं पुढं काय होणार हे बघायची पाच मिनिटं. आणि एकदा असा एखादा माणूस भेटला की बाकीच्यांची सगळी कारणं, मार्केट असं आहे, जुन्या गाडीचं असंच असतं, ही सगळी कारणं एकदम फालतू वाटायला लागतात. माझी आई पोस्टात नोकरीला होती, ती सांगायची की पत्ता अर्धवट असला तरी पत्र परत पाठवायच्या आधी एकदा वस्तीत विचारून बघायचं. तसलं काहीतरी आहे हे. 

चाक बसलं. मामांनी एकट्यानं बसवलं, मला हातसुद्धा लावू दिला नाही, कागद समोर पत्र्याला चिकटवून. नंतर त्यांनी तो काढूच दिला नाही, आता त्यांच्या पोराला दाखवत असतात. निपल काढून त्यांनी दोन्ही ठिकाणी बोल्ट मारलेत, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी गेली तरी सवयीनं ग्रीस जायला नको, तेल घालायचं तेव्हा बोल्ट काढायचा आणि घालायचं. हे बरोबर केलं का तेवढं सांगा.

पप्पांनी पहिली फेरी रंकाळ्याला मारली, आई पुढं बसायला तयार नव्हती, मागं बसली, मागच्या दरवाज्यातनं, तो फोटो तुमच्यासाठी मुद्दाम काढलाय. कोल्हापूरला कधी आलात तर राहायची सोय आमच्याकडं, तांबडा-पांढरा रस्सा झेपणार असेल तर तोही, आणि गाडी तुम्ही चालवायची असं पप्पांनी परस्पर ठरवून टाकलंय. ते दुसऱ्या कुणाला स्टेअरिंगला बसू देत नाहीत, मलासुद्धा नाही, तेव्हा काय समजायचं ते समजा.

आणि हो, मामांनी एक विचारायला सांगितलंय. मागचा आडवा पाटा, म्हणजे स्प्रिंग, दबून गेलाय, दोन्ही चाकं वरनं आत झुकलीत. इथं पाटा तापवून परत कमान देणारे लोक आहेत, पण मामा म्हणतात त्या माणसाला विचारल्याशिवाय मी भट्टीत घालणार नाही. नवीन पाटाच घ्यावा लागेल का, आणि घेतला तर आमच्या चार दरवाजांच्या वजनाला तुमच्याकडचा चालेल का? फोटो मेलवर टाकलेत, मोजपट्टी लावून.