कर्जाचा विमा म्हणजे घराचा विमा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा मी नांदेडला घरी चहा पीत होतो, मांडणीवरची भांडी खडखडली, बंद पंखा हलायला लागला आणि आई अनवाणीच रस्त्यावर जाऊन उभी राहिली, तासभर आत यायला तयार नव्हती. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे विसर्जनावरून दमून येऊन झोपलेले लोक दगडमातीच्या भिंतींखाली कसे गाडले गेले ते तिनं जवळून बघितलंय. माळवदाची म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा थर टाकायचा, ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. आणि त्याच तालुक्यातली किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होती, त्यामुळं "आपल्याकडं कुठं होतो भूकंप" असं कुणी म्हणलं की मला राहवत नाही.

त्या दिवशी आईनं विचारलं, घराचा विमा आहे ना रे? मी म्हणलं आहे की, कर्ज घेताना बँकेनंच काढलाय, ६८ हजार हप्ता कर्जातच धरलाय. संध्याकाळी फाइल काढून कागद नीट वाचला तर तो विमा माझ्या जिवाचा निघाला, म्हणजे मी गेलो तर बँकेचं उरलेलं कर्ज फिटणार. घर पडलं तर एक रुपया नाही, उलट पडलेल्या घराचे हप्ते मीच भरायचे. बँकेत जाऊन विचारलं तर साहेब म्हणाले तुम्ही सही केलीय. सही केली हे खरं आहे, पण त्या दिवशी माझ्यापुढं चाळीस-पन्नास कागद ठेवले होते आणि "हा घराचा इन्शुरन्स" असंच तोंडी सांगितलं होतं. सहा वर्षं मी त्या भरवशावर निर्धास्त झोपलो याचा मला फार राग आहे.

मग चौकशी करून मी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी घेतली. एप्रिल २०२१ पासून जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते आणि हिच्यात भूकंप आधीपासूनच धरलेला असतो, आग, पूर, वीज पडणं हेही. विम्याची रक्कम काढताना जमिनीची किंमत धरायची नसते, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) गुणिले आजचा बांधकामाचा दर एवढंच. माझं ११०० स्क्वेअर फूट, दर दोन हजार धरला, २२ लाख झाले. एजंट जमिनीसकट बाजारभाव लिहायला निघाला होता, मी थांबवलं, कारण नवं घर बांधायचं तर खर्च बांधकामाचाच येणार. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात, यादी द्यावी लागत नाही, पण दागिने त्यात येत नाहीत, ते वेगळे सांगून घ्यावे लागतात. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडं राहायचं भाडंही मिळतं. वर्षाला हप्ता मला हजार-अकराशे पडला, म्हणजे महिन्याला शंभर रुपयेसुद्धा नाहीत.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांनी आपल्या सोसायटीला विचारावं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत, इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीनं काढायलाच पाहिजे असं लिहिलंय, तरी किती कमिट्या काढतात? भूजच्या २००१ च्या भूकंपात तिथून दोनशे किलोमीटरच्याही पलीकडं अहमदाबादेत फ्लॅटच्या इमारती कोसळल्या होत्या.

आमच्या गल्लीत कर्जावर बांधलेली नऊ घरं आहेत. मी सगळ्यांना फाइल काढायला लावली तर दोघांकडंच घराचा विमा निघाला, बाकी सात जणांकडं माझ्यासारखाच कर्जाचा कागद, आणि सातही जण विमा आहे असंच समजत होते. कर्ज देताना जिवाचा विमा कोणता आणि घराचा कोणता हे बँकांनी मराठीत वेगळ्या कागदावर लिहून द्यावं आणि त्यावर वेगळी सही घ्यावी, एवढी मागणी आपल्या पेपरनं लावून धरावी ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नांदेड