अण्णा, फॉरमॅट मारू देऊ नका

उट्रेख्त,
नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर सगळाच गोंधळ झाला. तुम्ही स्क्रीनवरचं इंग्रजी वाचून दाखवत होतात, आई मागून पान वाढल्याचं सांगत होती आणि शेवटी तुम्ही "उद्या त्या दुकानवाल्यालाच बोलावतो, तो फॉरमॅट मारून देतो म्हणालाय" असं म्हणून फोन ठेवलात. तर आधी त्याबद्दलच. त्याला बोलावू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

बॅकअप घेतो असं तो म्हणेल. पण डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स एवढं उचललं की झाला बॅकअप, अशी बहुतेकांची समजूत असते. तुमचे हिशेब पडलेत थेट सी ड्राइव्हवर, 'सोसायटी', 'सोसायटी नवीन' आणि 'सोसायटी नवीन खरं' अशा फोल्डरांत. आजीच्या सहस्रचंद्राचे फोटोही तिथेच कुठेतरी आहेत. शिवाय फॉरमॅटने तुमचं काम होणारच नाही. तो पुन्हा तेच विंडोज ७ टाकणार, आणि त्याच्याकडची सीडी जुनी असली तर आज आहात त्याच्याही मागे जाल.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. एकात ट्यूबलाइटचा पट्टा नेमका एरर नंबरवर आलाय, बाकीचे वाचता आले. मशीन म्हातारं झालं म्हणून काहीबाही बरळतंय असं तुमचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. प्रत्येक फोटोत वेगळी अडचण आहे आणि काय अडलंय ते तिथे लिहिलेलंच आहे. आपण सगळ्यांची एकत्र मोट बांधून 'कॉम्प्युटर बिघडला' म्हणतो, म्हणून उत्तर सापडत नाही.

पहिली गोष्ट कुठल्याच एररमध्ये नाही. उजवीकडे खाली तारीख बघा. फोटोत १ जानेवारी २०१० दिसतेय! रोज सकाळी मशीन सुरू केलं की काळ्या स्क्रीनवर दोन ओळी येतात आणि तुम्ही न वाचता एफ१ दाबता, हे मी मागच्या दिवाळीत पाहिलंय. मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की मशीन दर वेळी जुन्या तारखेवर जातं. आता सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालतं. तुमच्या मशीनच्या लेखी आज २०१० साल आहे, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही. म्हणून ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवतो. नेटवाल्याला तुम्ही फुकट शिव्या घातल्यात.

हे घड्याळ आधी बघायचं मी इथे शिकले. या देशात 'रिपेअर कॅफे' म्हणून एक प्रकार आहे. मार्टिन पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये सुरू केला, आता गावोगावी चालतो. लोक बिघडलेले टोस्टर, दिवे, शिलाई मशीन घेऊन येतात आणि जाणकार मंडळी त्यांच्या शेजारी बसून, फुकटात, दुरुस्त करून देतात. आमच्या भागातल्या कॅफेत मी अधूनमधून मदतीला जाते. कॉम्प्युटरच्या टेबलावरचे एक निवृत्त आजोबा, माणूस तक्रार सांगत असतानाच, न बोलता आधी तारीख बघतात. तुमची आणि त्यांची चांगली जमली असती. तेही कुठलीच वायर टाकून देत नाहीत.

सेल घड्याळवाल्याकडे मिळेल. मशीन बंद करून पिन सॉकेटमधून काढा, कॅबिनेट उघडा, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. सेलच्या कडेला छोटी क्लिप असते, ती बाजूला दाबली की सेल उचलून येतो. नवा बसवताना अक्षरं लिहिलेली बाजू वर. मग सुरू करून विंडोजमध्ये तारीख, वेळ आणि साल तिन्ही नीट करा. दुसऱ्या दिवशी सकाळी एफ१ मागितलं नाही की समजा काम झालं.

आता लिबरऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखं काम करणारं ते फुकट सॉफ्टवेअर. ऑडिटरच्या नव्या एक्सेल फायली तुमच्या जुन्या ऑफिसमध्ये उघडत नाहीत म्हणून तुम्ही ते टाकायला घेतलंत, हे अगदी बरोबर केलंत. पण फाइल उतरवली शेजारच्या मुलाने, त्याच्या लॅपटॉपवर. डाउनलोडचं पान, समोर जे मशीन असेल त्याला साजेशी फाइल पुढे करतं. त्याचा लॅपटॉप नवा, ६४ बिटचा, म्हणून त्याला ६४ बिटची मिळाली. तुमचं विंडोज ३२ बिटचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं. म्हणून इन्स्टॉलर १६३३ नंबर देऊन म्हणतो की हे पॅकेज या प्रोसेसरसाठी नाही. पेन ड्राइव्ह बदलून, नाव बदलून, पुन्हा पुन्हा डबल क्लिक करून त्यात फरक पडणार नाही. खात्री करायची तर 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे 'सिस्टिम टाइप'ची ओळ वाचा.

त्या मुलाला सांगा, ताजी आवृत्ती नको. २५.८ पासून लिबरऑफिसने विंडोज ७ चा आधार काढून टाकलाय, त्यामुळे ३२ बिटची असली तरी ती तुमच्याकडे चालणार नाही. त्यांच्याच साइटवर जुन्या आवृत्त्यांचं संग्रह-पान आहे, तिथून २४.८ घ्या, नावात एक्स८६ (x86, म्हणजे ३२ बिटची) असलेली. त्यांची मागणी फार नाही, २५६ एमबी रॅम आणि दीड जीबी जागा. तुमचं मशीन त्यात आरामात बसतं. जागा मात्र बघा, कारण सी ड्राइव्हची पट्टी फोटोत लाल दिसतेय. डिस्क क्लीनअप चालवा, रिसायकल बिन रिकामी करा. डाउनलोड फोल्डरात एकाच फाइलच्या नावापुढे कंसात १, २, ३ लागलेल्या कितीतरी प्रती असतील, त्या जाऊ देत.

त्याआधी एक पायरी आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येईल त्या चौकोनात इंग्रजीत विनव्हर (winver) टाइप करा. 'सर्व्हिस पॅक १' (विंडोज ७ च्या सुधारणांचा एकत्र गठ्ठा) दिसलं पाहिजे. नसेल तर बाकी सगळं थांबवा, तेच आधी. असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दोन अपडेट घ्यायची, दोन्ही ३२ बिटची: केबी३०६३८५८, जे लिबरऑफिस विंडोज ७ वर मागतं, आणि केबी२९९९२२६. हे दुसरं तुमच्या स्कॅनरसाठी. स्कॅनरचं सॉफ्टवेअर सुरू करताना ज्या लांबलचक नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाइल) 'मिसिंग' येतेय, ती हरवलेली नाही, मुळात विंडोज ७ मध्ये नव्हतीच. नवे प्रोग्रॅम ती गृहीत धरतात आणि हे अपडेट ती आणून ठेवतं. गूगलवर त्या नावाने शोधलंत तर एकटी डीएलएल फुकट देणाऱ्या साइट्स ओळीने येतील. तिकडे अजिबात फिरकायचं नाही. व्हायरस घरी आणायचा तो राजमार्ग आहे. 'तुमचा पीसी धोक्यात, या नंबरवर फोन करा' हाही त्यातलाच प्रकार.

ट्यूबलाइटखाली दडलेला नंबर १६१८ असावा असं वाटतं. खालच्या ओळीत दुसरं इन्स्टॉलेशन चालू असल्याचं लिहिलंय. तसं असेल तर काहीच करायचं नाही. रीस्टार्ट करा, चहा घ्या, मग पुन्हा बघा.

तुमची २०१२ पर्यंतची इतिवृत्तं त्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली आहेत, युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, नाहीत. तो फाँट मशीनवर नसला तर 'सर्वसाधारण सभा' ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल, मग ऑफिस कुठलंही असो. म्हणून कंट्रोल पॅनलमधलं फाँट्स उघडून ती फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. खरं तर पेन ड्राइव्हचं काम सगळ्यात आधी करा, सेललाही हात लावायच्या आधी. तिन्ही सोसायटी फोल्डर, फोटो आणि हा फाँट. दोन पेन ड्राइव्हवर, आणि त्यातला एक ताईकडे द्या.

एवढं केलंत की हिशेब, पत्रं, ऑडिटरच्या फायली यांना ते मशीन अजून पुरेल. बँक मात्र त्यावर नको, यात मी ऐकणार नाही. विंडोज ७ ची सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबली, आणि क्रोमही त्यावर २०२३ च्या १०९ व्या आवृत्तीपुढे जात नाही. ते तुमच्या फोनवरच करा. उन्हाळ्यात येईन तेव्हा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकून बघू. प्रोसेसर बहुधा ६४ बिटचाच आहे, फक्त विंडोज ३२ बिटचं टाकलेलं आहे. तुम्हाला पटलं तरच.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला फोन करते, इथे दुपारचे दोन असतील. विनव्हरच्या चौकोनात काय आलं ते कागदावर लिहून ठेवा, आणि दुकानवाला आलाच तर त्याच्याकडून फक्त सेल घ्या.

आईच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? तिला म्हणावं, मेतकूट संपलंय, ताईबरोबर पाठव. तिला नमस्कार, ताईच्या पोरांना गोड पापा.

तुमची,
छकुली