वल्हं आणि ‘व्होग’

संपादक महोदय,
आपल्या पुरवणीत ‘व्होगमध्ये असलेल्या साड्या’ असं वाचलं आणि खाडीकाठचा माणूस असल्याने हसू आलं, कारण हा ‘व्होग’ मुळात वल्हवण्याचाच. इटालियनमध्ये वल्हवण्याला व्होगा म्हणतात, व्हेनिसमध्ये तर उभं राहून वल्हवतात, त्याच शब्दाचा पुढे अर्थ झाला प्रवाह, मग फॅशन!

दुसरा शब्द लॅटिन ‘रेमुस’ म्हणजे वल्हं. त्यावरून स्पॅनिश, पोर्तुगीजमध्ये ‘रेमार’, इटालियनमध्ये ‘रेमारे’, फ्रेंचमध्ये ‘रामे’. आणि फ्रेंच लोक बोलताना ‘मी रामे करतोय’ म्हणाले की समजायचं, बिचारा लई कष्टात आहे. भरतीविरुद्ध होडी वल्हवून बघा म्हणजे पटेल, आता सगळीकडे इंजिन आलंय म्हणून विसरलो आपण. रोमानियन मात्र वेगळी, तिने ‘वस्ली’ हा शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून उचलला.

गंमत म्हणजे संस्कृतमधलं ‘अरित्र’ म्हणजे वल्हं, हा रेमुसचाच लांबचा नातेवाईक. आमच्याकडे मात्र अरित्र कोणी म्हणत नाही, वल्हं मार रे, एवढंच. आणि कोर्लईला आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात, तिथल्या होडीवाल्यांकडे वल्हवण्याला काय म्हणतात ते आपल्या वार्ताहराने एकदा जाऊन विचारावं, छापाल ना?

एक वाचक, दाभोळ